समाजमंदिराच्या भिंतीवर चार प्रायोगिक लघुपट: काय समजलं ते नको, काय झालं ते लिहा

खडूपेटी | सोमवार, रात्री १०:१२

रामराम मंडळी.

मागच्या शनिवारी आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा, घाटंजीच्या पुढं) समाजमंदिराच्या भिंतीवर चार लघुपट दाखवले. प्रोजेक्टर लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा, स्पीकर भजनी मंडळाचा, भिंत दिवाळीच्या चुन्याची. जमले एकतीस, उरले नऊ. नवातले दोन झोपलेले.

सुरुवात चित्रकार एम. एफ. हुसेनच्या 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'ने केली. १९६७ ची, फिल्म्स डिव्हिजन या सरकारी खात्याची फिल्म, राजस्थानात काढलेली, बर्लिनच्या महोत्सवात सोनेरी अस्वल हा पुरस्कार मिळवून आलेली. गोष्ट नाही. छत्री, कंदील, जोडा परत परत येतात. पोरांना मजा वाटली, छत्री दिसली की ओरडायची, "आली!" एक आजी म्हणाल्या, "हे सारं आमच्या माळ्यावर पडून हाय, त्याचा शिनेमा काहून काढला?" तिथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत.

दुसरी १९२९ ची 'अँ शियँ आंदालू', दिग्दर्शक बुन्युएल आणि चित्रकार दालीची, सोळा-सतरा मिनिटांची. दोघांनी आपापली स्वप्नं एकमेकांना सांगितली आणि ज्याचा अर्थ लावता येईल ते काहीच घ्यायचं नाही असं ठरवून पटकथा लिहिली. सुरुवातीलाच चंद्रावरून ढगाची पट्टी सरकते आणि वस्तरा डोळ्यावरून. भिंतीवर तो डोळा केवढा झाला होता म्हणून सांगू, बैलगाडीच्या चाकाएवढा. पुढं बसलेल्या आबाजींनी विचारलं, "खराच हाय का डोया?" मी समजूत काढायला गेलो, "आबाजी, बाईचा नाही तो, मेलेल्या वासराचा आहे." झालं! आबाजी उठले. "मंग तं अजूनच वाईट," म्हणाले आणि काठी टेकत निघाले. मागोमाग दहा-बारा जण. घरी दोन बैलजोड्या बाळगलेला माणूस. आपण कोणाला काय सांगून धीर देतोय याचा मी काडीचा विचार केला नव्हता.

पुढं पियानोवर मेलेली गाढवं येतात. तेव्हा आबाजी नव्हते हे बरं झालं.

पॅरिसच्या पहिल्या खेळाला बुन्युएल पडद्यामागं ग्रामोफोन वाजवत उभा होता आणि लोक चिडले तर मारायला खिशात दगड भरून ठेवले होते, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. दगड लागलेच नाहीत, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडं टाळ्याही नाहीत न् दगडही नाहीत, लोक आपले चपला शोधत निघून गेले.

तिसरी 'मॉथलाइट', चौथी प्रमोद पतींची 'एक्सप्लोरर'. त्याबद्दल इतरांनी लिहावं, तिथं हजर असलेले दोघे-तिघे इथं आहेत. मी नागपूरला एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) करत असताना सरांनी आंदालू दाखवली होती. मी तेव्हा लय आवडल्याचं सोंग केलं होतं. परवा पंचवीस वर्षांनी कळलं की मला ती फिल्म कधीच आवडली नव्हती, वर्गात शहाणं दिसायचं होतं फक्त.

अर्धा_किलो_शेव | सोमवार, रात्री १०:३०

मास्तर, मी होतो त्या नवात. झोपलेल्यातला नाही. म्हणजे दुसऱ्या फिल्मपर्यंत नाही.

पऱ्हाटी_अकरा_एकर | सोमवार, रात्री ११:०५

मॉथलाइटवर मीच लिहितो.

मास्तरनं आधी सांगितलं की ही १९६३ ची आहे, स्टॅन ब्रॅकेज नावाच्या अमेरिकन माणसानं कॅमेरा न वापरता केली. दिव्यावर येऊन मेलेल्या पतंगांचे पंख, गवताच्या काड्या, पाकळ्या पारदर्शक टेपच्या दोन पट्ट्यांत दाबल्या आणि तीच फिल्म. जवळ पैसे नव्हते आणि दिव्यावर जळणारे पतंग पाहून त्याला आपलीच गत दिसली म्हणे. आवाज नाही. जेमतेम तीन-चार मिनिटं.

सगळे म्हणाले सुंदर. मला राग आला.

माझ्या वावरात एकरी दोन कामगंध सापळे आहेत. बोंडअळीच्या मादी पतंगाच्या वासाची वडी लावलेली असते, नर येतो आणि खालच्या पिशवीत पडतो. रोज सकाळी पिशवी सोडायची, पतंग मोजायचे, वहीत लिहायचं. सलग तीन दिवस आठ-आठ आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या पट्ट्यात काय केलं ते इथल्या अर्ध्या लोकांना सांगायची गरज नाही. बोंड फोडलं की आत किडकी सरकी आणि डागाळलेली रुई. त्या वर्षी मी दुसऱ्या वेचणीनंतर उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली.

तर भिंतीवर पंख फडफडायला लागले आणि माझं डोकं आपोआप मोजायला लागलं. मोजता येईना. एवढ्या वेगानं येतात न् जातात की दहाच्या पुढं हिशेब मोडतो. तेवढ्यात प्रोजेक्टरच्या उजेडावर खरे किडेही आलेले, त्यांच्या सावल्या भिंतीवर. फिल्ममधला कोणता न् गावचा कोणता काही कळेना. मास्तर फडक्यानं हाकलत होते. बाजूचा माणूस "वा, वा" करत होता, त्याच्याकडं एक गुंठा जमीन नाही.

फिल्म वाईट आहे असं म्हणत नाही. मला पाहता आली नाही, एवढंच.

मुठा_काठ | मंगळवार, सकाळी ८:४७

फार सुंदर धागा! गेली पंधरा वर्षं पुण्यात फिल्म सोसायटीशी जोडलेला असल्यामुळे एक निरीक्षण नोंदवतो. शहरातला प्रेक्षक सिद्धांताचं ओझं घेऊन बसतो. तुमच्याकडचे लोक मात्र अशा कलाकृतींकडे निरागस, कोऱ्या डोळ्यांनी पाहू शकतात, हेच तिचं खरं यश आहे. ब्रॅकेजलाही नाव माहीत नसलेल्या, न शिकवलेल्या डोळ्याचंच आकर्षण होतं. पऱ्हाटी यांची प्रतिक्रिया तर थेट मातीतून आलेली!

अर्धा_किलो_शेव | मंगळवार, सकाळी ९:०२

आली माती.

वडसा_लाइन | मंगळवार, सकाळी ९:४०

मुठाकाठ दादा, राग मानू नका, पण कोरे डोये इकडं कोनाचेच नाहीत.

मी वडशाचा (गडचिरोली जिल्हा). दिवाळी झाली की आमच्याकडं झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्री नऊ-दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत. बाप मरतो, आई धाय मोकलून रडते, पब्लिकच्या डोयात पानी, आन् पुढच्या मिनिटाले बत्त्या लाल-हिरव्या होऊन नाचगाणं सुरू. गाणं संपलं की आई पुन्हा जिथली तिथं रडते. कोनी इचारत नाही, 'मधात हे काहून आलं?' दंडार या लोकनाट्यात तर पुरुष बाईचं सोंग घेऊन पुरुषाचीच टर उडवते. हे पाहत मोठं झालेल्या मानसाले आंदालूत 'आठ वर्षांनंतर' अशी पाटी येऊन तीच खोली, तीच मानसं दिसली त्यात नवल काय? माह्या मामीनं मोबाइलवर पाह्यली, म्हने, "पाटी लिहिनाराले वेय समजत नसंन."

म्हनजे डोये शिकलेले हायेत, तुमच्यापेक्षा वेगळ्या शायेत.

पऱ्हाटी_अकरा_एकर | मंगळवार, सकाळी ९:५५

आणि माझी प्रतिक्रिया मातीतून नाही, वहीतून आली. सापळ्याच्या वहीतून. फोटो टाकू का?

मुठा_काठ | मंगळवार, सकाळी १०:२०

चूक मान्य. 'कोरे' हा शब्द मागे घेतो. वहीचा फोटो खरंच टाका.

रीळवाला | मंगळवार, दुपारी २:१५

थोडं तांत्रिक लिहितो. माझे वडील टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. जत्रा, उरूस, बाजाराची गावं. लहानपणी तुटलेल्या रिळीचे तुकडे हेच माझं खेळणं.

पऱ्हाटीभाऊ म्हणतात मोजता आलं नाही. येणारच नाही, कारण तिथं मोजायला पूर्ण पतंग नाहीत. नेहमीच्या रिळीत प्रत्येक चौकट स्वतंत्र फोटो असते आणि सेकंदाला चोवीस चौकटी दिव्यासमोर क्षणभर थांबत थांबत पुढं सरकतात. ब्रॅकेजच्या पट्टीवर चौकटीच नव्हत्या, सलग पंख चिकटवलेले. सोळा मिलिमीटरच्या फिल्मची एक चौकट उंचीला साडेसात मिलिमीटर. त्याहून मोठा पंख आला की यंत्र त्याचे तुकडे करतं. पहिल्या चौकटीत टोक, दुसरीत मधली शीर, तिसरीत मूळ, आणि चौथीत भलत्याच पतंगाचा पाय. पंख फडफडतोय असं वाटतं ते आपल्याला. मेलेला पंख जागचा हलत नाही, दिव्यासमोरची पट्टी तेवढी हलते.

आणि ती मूळची जाड पट्टी प्रोजेक्टरमधून चालवण्याजोगी नव्हती. लॅबमध्ये तिच्यावरून छापून प्रत काढली, ती लोकांनी पाहिली. वडील तुटलेली रीळ जोडायचे तेव्हा ब्लेडनं दोन्ही टोकांवरचा थर खरवडून सिमेंट लावायचे (फिल्मच्या गोंदाला सिमेंटच म्हणत). जोड जरा जाड झाला की गेटमधून जाताना 'टच्च' आवाज यायचा आणि पडदा उडायचा. त्यांच्या लेखी जोड दिसला नाही तर काम चांगलं. या बहाद्दरानं अख्खी फिल्मच जोडाची केली. वडील असते तर म्हणाले असते, पगार कापा याचा.

'एक्सप्लोरर'बद्दल. १९६८ ची, सातेक मिनिटांची. नाचणारी तरुण पोरं, देवादिकांच्या मूर्ती, यंत्रं, सगळं डोळ्यावर बदाबदा येऊन आदळतं, आवाजही तसलाच. ही सरकारी फिल्म आहे यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पूर्वी मुख्य सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ लावणं बंधनकारक असायचं. पूर, धरण, कुटुंबनियोजन. पब्लिक तेवढ्यात बिडी ओढून यायचं. त्याच खात्यात बसून प्रमोद पतींनी 'एक्सप्लोरर' केली, १९७२ ला 'आबिद' केली. त्यात चित्रकार आबिद सुरती एका खोलीत भिंती, जमीन सगळं रंगवत सुटतात आणि माणसालाच एकेक चौकट थांबवून बाहुलीसारखं हलवलंय. पुढं तीनच वर्षांत प्रमोद पती वारले. त्यांच्या फिल्म चालू असताना देशभर किती लोक बाहेर बिड्या ओढत उभे असतील, या विचारानं मला शनिवारी उगाच हसू येत होतं.

खडूपेटी | मंगळवार, दुपारी ४:३०

रीळवाले, हे आधी सांगितलं असतं तर शनिवारी तुम्हालाच माइक दिला असता. वर्गात पोरांना एक गोष्ट सांगतो ती इथं टाकतो. फाळक्यांनी १९१२ साली, राजा हरिश्चंद्रच्या आधी, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज त्याचं थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर कोंब फुटून वेल चढताना दिसला आणि कर्ज मिळालं. पीक दाखवून कर्ज!

पऱ्हाटी_अकरा_एकर | मंगळवार, दुपारी ४:४१

आम्हाला सातबारा दाखवून मिळत नाही.

सिस्टर_उपकेंद्र | मंगळवार, रात्री ९:३०

मी शनिवारी ड्युटीवर होते, आले नाही. मास्तरांनी ब्रॅकेजची दुसरी एक फिल्म नावानं सांगितली होती, 'विंडो वॉटर बेबी मूव्हिंग', १९५९ ची. गावात दाखवण्यासारखी नाही म्हणाले ते. बरोबर आहे. मी खोलीवर एकटीनं पाहिली. बायकोचं पहिलं बाळंतपण, घरातच, नवऱ्यानं स्वतः शूट केलेलं. बारा-तेरा मिनिटं.

उपकेंद्रात आणि त्याआधी ग्रामीण रुग्णालयात मिळून माझी एकोणीस वर्षं झाली. किती बाळंतपणं केली ते रजिस्टरला आहे. मला वाटलं होतं मला काही होणार नाही.

पहिली गोष्ट, आवाज नाही. मी मोबाइलचा आवाज तीनदा वाढवून पाहिला, मग कळलं फिल्मच मुकी आहे. आमचं निम्मं काम कानावर चालतं हो. बाई कशी ओरडते, श्वास कुठं अडकवते, कधी अचानक गप्प होते, यावरून मी पाठमोरी असले तरी सांगते किती वेळ आहे. आवाज काढून घेतला तर मी नवशिकी झाले. पोटावरचं पाणी, खिडकीचा उजेड, टबातले हात असलंच बघत बसले. पोटाला मी रोज हात लावते, पण ते ओलं असताना त्यावर उजेड कसा सरकतो हे कधी पाहिलं नव्हतं. तेवढा वेळ नसतो. खाली काय चाललंय तिकडं लक्ष.

दुसरी, वार पडेपर्यंत दाखवलंय. आपल्या सिनेमात बाळ रडलं की बाहेर पेढे. आम्हाला खरी धाकधूक तिथून पुढं असते, वार पूर्ण आली का, रक्त थांबलं का. कोणीतरी तेही दाखवलं याचं बरं वाटलं.

तिसरी गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. मध्येच कॅमेरा बायकोच्या हातात जातो आणि ती नवऱ्याचा चेहरा टिपते. घामेजलेला, हसणारा, घाबरलेला, काहीच न कळणारा. असा चेहरा मी एकोणीस वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. आमच्याकडं ते बाहेर असतात. ओट्यावर, नाहीतर गाडीवर बसून फोन लावत. मी दार उघडून सांगते तोपर्यंत त्यांनी तोंड नीट करून ठेवलेलं असतं.

त्या चेहऱ्याला मी थांबवून परत पाहिलं. मग आमच्या ह्यांना फोन केला, की धाकट्याच्या वेळी तुम्ही कुठं होता? म्हणाले, मेडिकलवर गेलो होतो, तूच तर पाठवलं होतं. ते खरं आहे.

अर्धा_किलो_शेव | मंगळवार, रात्री ९:५८

सिस्टर, आज विनोद सुचत नाही.

मुठा_काठ | मंगळवार, रात्री १०:३५

या फिल्मवर मी दोन व्याख्यानं दिली आहेत. वारेचा मुद्दा दोन्हींत नव्हता. बाकी काही लिहीत नाही.

रातचं_ओलीत | बुधवार, पहाटे ३:२०

जागे असलेल्यांना नमस्कार. या आठवड्यात आमच्या फिडरला रातचीच लाइन हाय, हरभऱ्याले तुषार लावून बसलो हाव. एका सेटले तीन घंटे, मंग पाइप बदलायचे. तेवढ्या वेळात मास्तरनं धाडलेली एक पाह्यली. 'वेव्हलेंग्थ', १९६७, मायकेल स्नो. पंचेचाळीस मिनिटं. मास्तर म्हनले होते, ही पुरी पाहनारा गावात निंघाला तर त्याले भजी चारतो. मास्तर, भजी काढा.

एक मोठी खोली. कॅमेरा एका टोकाले. झूम होत होत समोरच्या भिंतीकडं जाते, खिडक्या, खुर्ची, भिंतीवर काहीतरी बारकं चिकटवलेलं. इतकं सावकाश की पुढं जाऊन राह्यला का नाही ते समजत नाही. मधातच एक मानूस येते आन् जमिनीवर पडते. मेला वाटते. कॅमेरा त्याच्यावरून पुढंच. नंतर एक बाई येऊन फोन करते, कॅमेऱ्याले त्याचंही काही देनंघेनं नाही.

मले कंटाळा आला का? नाही. पान्यावर बसनाऱ्याले कंटाळा परवडत नाही. आम्ही रातभर अंधारात एका नोझलकडं पाहत बसतो, फिरून राह्यलं का अटकलं. त्या मानानं तिथं लय घडामोडी होत्या.

पण आवाज! सुरुवातीले जाड घुंsss, मंग हळूहळू बारीक होत जाते. मोटर हवा घ्यायला लागली की असाच सूर चढते. मी दोनदा मोबाइल ठेवून विहिरीवर पयत गेलो. मोटर बरोबर. परत येऊन पाह्यलं तं आवाज फिल्मचा. तिसऱ्यांदा म्हनलं आता उठतच नाही, फिल्मच असंन. शेवटाले भिंतीवरचं ते बारकं काय हाय ते दिसते, समुद्राच्या लाटाचा फोटो. सारा पडदा भरून पानीच पानी. मले लय भारी वाटलं, कायले ते सांगता येत नाही.

बॅटरी मारून पाह्यलं तं चौथ्या पाइपाचा जोड निसटलेला, धुऱ्याकडच्या कोपऱ्यात तयं साचलं होतं. या वेळी आवाज फिल्मचा नव्हता.

रीळवाला | बुधवार, सकाळी ७:१०

हसून पोट दुखलं. आवाजाचा चढ मुद्दाम तसा ठेवलाय त्यानं, खालच्या सुरापासून कानाला बोचेल इतक्या वरपर्यंत, पंचेचाळीस मिनिटांत. पण मोटरचं उदाहरण त्याच्याही डोक्यात आलं नसेल.

खडूपेटी | बुधवार, सकाळी ७:३५

भजी कबूल. हरभऱ्याचं किती नुकसान?

रातचं_ओलीत | बुधवार, सकाळी ११:५०

चार सऱ्या. पिवया पडतीन. घरी फिल्मचं सांगतलं नाही, पाइप जुना झाला म्हनलं. इथं कोनी लिहू नका, बायको वाचते.

वडसा_लाइन | बुधवार, दुपारी १२:०४

वहिनी, नमस्कार.

पऱ्हाटी_अकरा_एकर | गुरुवार, सकाळी ८:२०

रीळवाल्यांनी लिहिलेलं वाचून आज सकाळी सापळा सोडताना पिशवी उन्हाकडं धरून पाहिली. म्हटलं आपल्याला काही दिसतं का पाहू.

करड्या रंगाची भुकटी न् त्यात पतंग. एकाचा पंख पिशवीला चिकटला होता, त्याच्या कडेला झालर असते हे इतक्या वर्षांत आज पाहिलं. बाकी काही नाही. मोजले, अकरा. काल नऊ, परवा आठ. म्हणजे तिसरा दिवस झाला, आज फवारणी काढावी लागते. वहीचा फोटो खाली टाकतो, मुठाकाठवाले मागत होते.

मास्तर, परत दाखवाल तेव्हा ती पतंगाची तिसरी न लावता पहिली लावा. वासरू नंतर. निदान लोक बसतील तरी. मी येईन, पण मागं बसेन.

खडूपेटी | गुरुवार, रात्री ९:१५

ठरलं. आबाजींच्या घरी जाऊन आलो. चहा दिला, फिल्मचं काही बोलले नाहीत. निघताना गोठ्यापर्यंत आले आणि विचारलं, "त्या छत्रीवाल्यानं अजून काही काढलं काय?"

प्रोजेक्टरवाल्याची लग्नसराई सुरू झालीये, पुढच्या बुधवारी तेवढा मोकळा आहे. लाइनचं काय?

रातचं_ओलीत | गुरुवार, रात्री ९:४०

पुढच्या हप्त्यात आमची दिवसाची. येतो. सतरंजी आनू का?

खडूपेटी | गुरुवार, रात्री ९:४२

आणा. आणि किडे हाकलायला एक माणूस.